बुजलेला जिना

तळटीप देता येत नाही, एवढ्याने घटना खोटी ठरत नाही. मी इतिहासाचा प्राध्यापक आहे. पुराव्याविना बोलणे माझ्या स्वभावात नाही. तरीही हे घडले आहे. मी स्वतः ऐकले आहे.

ठिकाण पाम्पांगा प्रांत. पिनातुबो ज्वालामुखीखालच्या खोऱ्यात, नदीकाठी आमचे घर.

वेळ मागच्या ऑगस्टमधली एक दुपार. लख्ख ऊन.

त्या घराला आता एकच मजला आहे.

पूर्वी दोन होते.

डोंगर फुटला त्यानंतरच्या चौथ्या पावसाळ्यात अभियंत्यांचा कागद आला: बांध भक्कम आहे, कोणी गाव सोडू नये. चर्चच्या अंगणात तो मीच वाचून दाखवला. त्यातले व्याकरणही सुधारले. आमच्या इमाला (आमच्याकडे आईला इमा म्हणतात) अक्षरओळख नव्हती. मुलाचा शब्द तिला पुरेसा होता.

त्याही दिवशी गावात ऊन होते. पाऊस वर, डोंगरावर.

बांध फुटला. राख-वाळूचा चिखल घरात शिरला. आम्ही वरच्या मजल्यावर धावलो. इमा मात्र उलटी फिरली, संताची मूर्ती आणायला. आमच्याकडे संकटात आधी घरातला संत उचलतात, मग माणसे.

ती वर आली नाही.

खालचा मजला जिन्यासकट गाडला गेला. चिखल वाळून दगड झाला. अहवालात मृतांचा आकडा शून्य. देह नाही, म्हणजे मृत्यू नाही. तर्क निर्दोष होता.

धाकटी बहीण बेलेन तिथेच राहिली. जिन्याच्या तोंडावर तिने फळी ठोकली. ऑगस्टमधल्या त्या दुपारी मी तिला न्यायला गेलो होतो, कारण नव्या बांधालाही भेगा पडल्या होत्या.

आणि नवा कागदही आला होता: बांध भक्कम आहे.

"सामान बांध."

"बांधते. आधी बस, कोया. तीनला येते ती." थोरल्या भावाला आमच्याकडे कोया म्हणतात.

"वाळू खचते, बेलेन. वाळूचाच आवाज असतो तो."

"वाळू खडावा घालते होय रे?"

तीन वाजले.

फळीखाली... टक्.

मग... टक्. टक्.

लाकडी खडावा. एकेक पायरी. गच्च भरलेल्या वाळूतून... खाली उतरत जाणाऱ्या.

मी गुडघे टेकले. फळीला तोंड लावून ओरडलो, "इमा, कागद खोटा होता! वर ये!"

आवाज थांबला.



मग पुन्हा टक्. खालीच.

बेलेन कोरडी हसली. "एकदा ऐकलं तिनं तुझं. आता कशाला ऐकेल?"

"तू तरी चल."

"आणि आली वर, तर? फळी कोण काढणार, तुझे अभियंते?"

मी एकटाच परतलो.

आज पहाटेपासून पिनातुबोवर पाऊस कोसळतो आहे. आत्ताच फोन लावला. बेलेनने लगेच उचलला.

"घराबाहेर पड! आत्ताच्या आत्ता!"

"अरे हो, निघालेच," ती म्हणाली. आवाज शांत, जवळजवळ आनंदी. "थांब हं, कोया... जरा खाली जाऊन येते."

तिने फोन बंद केलेला नाही.

मीही नाही.