सीटखालची वायर

दिल्लीजवळ मानेसरच्या त्या गोदामातली फोर्कलिफ्ट माल नेताना मधेच बंद पडायची आणि मेकॅनिक आला की शहाण्या बाळासारखी चालायची. त्यामुळे नवा सर्व्हिस इंजिनिअर आला, तेव्हा शिफ्ट सांभाळणारी कादंबरी वैतागूनच म्हणाली, "अभी तो चल रही है, भैया. फिर भी देख लो."

"बघतो," तो स्वतःशीच पुटपुटला... आणि तिचे कान टवकारले.

तो हेरंब, जालन्याचा, हे तिनं लगेच मराठीतूनच विचारून घेतलं. गाडी चालू ठेवून त्यानं एकेक वायर हलवून पाहिली. सीटखालची हलवताच गाडी गप्प झाली.

"जोड ढिला आहे. खड्ड्यात आदळली की गाडीला वाटतं, सीटवर कुणी नाहीच, म्हणून ती बंद पडते. लपंडाव चाललाय."

"लपंडाव म्हणजे?"

"छुपन-छुपाई हो, मॅडम. कुठल्या मराठी तुम्ही?"

"सरोजिनी नगरच्या," ती म्हणाली. त्याच्या गालावर ग्रीसचा डाग होता. तो आपण पुसावा असं तिला फार वाटलं.

नवी वायर बसवून तो गेला. गाडी सुरळीत चालू लागली आणि कादंबरीचंच बिनसलं. शेवटी तिनं त्याच्या कंपनीला फोन केला, "फिर बंद हो रही है." तो आला. वायरी हलवत, चहा पीत बोलत राहिला. वर्षभरात नोकरी पक्की झाली नाही, तर बाबांचं दुकान आणि त्यांनी पाहिलेली मुलगी, असं घरी ठरल्याचं त्यानं हसत सांगितलं. तीही हसली. पुढे तिला चटकच लागली. सरळ 'या' म्हणायला जीभ रेटत नव्हती, खोटी तक्रार मात्र सहज जमायची.

मग एकदा दुसराच माणूस आला. "हेरंब को निकाल दिया, मॅडम. एक ही शिकायत बार-बार..."

तिनं लगेच हेरंबला फोन लावला. मागे स्टेशनचा गलबला होता.

"हेरंब, गाडी बंद पडतच नव्हती. मी उगाच—"

"माहीत होतं. वायर मीच बसवली होती ना."

"मग कंपनीला सांगायचं, तक्रार खोटी आहे म्हणून."

"तुमच्यावर आलं असतं. आणि... पुन्हा बोलावलं कुणी असतं?"

"नुसतं ये म्हटलं असतं तर आला असतास?"

"धावत आलो असतो, कादंबरी."

"मी आत्ता जाऊन खरं सांगते त्यांना."

"उशीर झाला गं. कालच घरी हो कळवलंय." रेल्वेची शिट्टी वाजली आणि फोन तुटला.

समोर ड्रायव्हरनं फोर्कलिफ्ट खड्ड्यावरून नेली. आज तरी बंद पड, एकदाच, असं कादंबरी मनात म्हणत राहिली. गाडी न अडखळता पुढे निघून गेली.