बाटलीतली तहान

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला कीव येते. आज मलाच सांगावी लागतेय. पण घडलंय ते खरं आहे. साल २००६, मे महिना, कोल्हापूर, भर दुपार.

माझी झुंबरआत्या दोन वर्षं नुसती पाणी मागायची. हाडं दुखायची, मुतखडे व्हायचे, एकटीच पुटपुटायची... "पानी दे रं केरबा..."

केरबा म्हणजे तिचा नवरा, आमचे मामा. नवऱ्याचं नाव आत्यानं जन्मात घेतलं नव्हतं.

मामा देवऋष्याकडे धावले. तो म्हणाला, गळ्यात सासू बसलीय. मामांची आई, विठाबाई, पाणी मागत मागत गेली होती. तेव्हा मामा पत्ते टाकून उठले नव्हते.

असल्या अडाण्यांपुढे काय बोलायचं? मी औषधं विकणारा माणूस. आत्याचं रक्त तपासलं. कॅल्शियम भलतंच वाढलेलं; तहान, मुतखडे सगळं त्यानंच. पुण्यात स्कॅन केला. गळ्यात डावीकडे, थायरॉईडच्या मागे, कॅल्शियम सांभाळणारी पॅराथायरॉईडची एक ग्रंथी फुगली होती.

"पूर्ण गळा कापायचा नाही. छोटा छेद, तेवढीच गाठ काढायची," कोल्हापुरातले डॉक्टर म्हणाले.

अर्ध्या तासात काम झालं. पावट्याएवढी गाठ बाटलीत औषधात बुडवून, झाकणाला चिकटपट्टी लावून माझ्या हातात दिली. लॅबमध्ये नातेवाइकांनीच पोचवायची, अशी पद्धत होती.

मी बाटली मामांच्या नाकासमोर हलवली. "घ्या, ही तुमची आई!"

मामांनी हात जोडले. "आदर्श, घोटभर पानी दाखीव की तिला. मी दिलं न्हाय रं तवा."

"तहान लागली तर माझ्याकडं मागू दे!"

मी फिदीफिदी हसलो. बाटली खिशात टाकून स्कूटरला किक मारली.

दसरा चौकात, भर गर्दीत, खिशातून आवाज आला...

"पानी दे रं..."

लॅबवाल्यानं बाटली उजेडात धरली. "पावणं, ह्यातलं औषध कुठं गेलं?"

झाकणावरची चिकटपट्टी जशीच्या तशी. आत एक थेंब नव्हता... गाठ वाळून तळाला चिकटली होती.

आत्या ठणठणीत झाली. आता ती पाणी मागत नाही.

मी मागतो.

कॅल्शियम तीनदा तपासलं. नॉर्मल. कळशीभर प्यायलो तरी घसा कोरडाच. हसा खुशाल. मीही हसलो होतो.

परवा मामांच्या घरी गेलो होतो. ते पत्ते खेळत बसले होते. माझ्या तोंडून निघून गेलं...

"पानी दे रं केरबा..."

मामा पत्ते टाकून लगेच उठले.