एल्फेडची बिनइंजिनाची लँडरोव्हर

चहा घ्या आधी. त्या कोपऱ्यातल्या मेंढीला अजून बराच वेळ आहे. शॉन, तिच्या तोंडावर टॉर्च मारू नकोस, व्यायला आलेल्या जिवाला जरा अंधार हवा असतो. बस इथं गवतावर.

मघाशी काय म्हणत होतास तू? जुनी लँडरोव्हर घ्यायचीय, "भारी दिसते" म्हणून? ऐकलं मी. कान शाबूत आहेत माझे. अरे, ती काय दिसायला केलेली वस्तू आहे? युद्ध संपलं तेव्हा पोलाद मिळत नव्हतं, म्हणून तिचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं केलं. रंग लष्कराचा उरलेला होता, म्हणून ती हिरवी. पहिला आराखडा समोरच्या अँगलसीच्या किनाऱ्यावर वाळूत काठीनं काढला म्हणतात, तेव्हा इंग्रज काही म्हणोत, पोरगी वेल्सचीच. आत बसलं की पावसात गुडघा भिजतो, थंडीत दात वाजतात आणि बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. पण एक पाना आणि दोन शिव्या एवढ्यावर ती रस्त्यात दुरुस्त होते. आपल्या बापजाद्यांनी तिच्यानं लाकडं ओढली, दूध नेलं, नवऱ्या चॅपेलला नेल्या.

आता ती लंडनवाल्यांना आवडायला लागलीय. पोरांना शाळेत सोडायला! त्यांची एक गाडी चकचकीत करायची तर दुसरीचे तुकडे लागतात. आणि ते तुकडे येतात कुठून? आपल्या अंगणातून. रात्री. नुसतं बोललो तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

म्हणून हे सांगतो. ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरलं त्याच्या तोंडून ऐकलंय, आणि सकाळी जे दिसलं ते या डोळ्यांनी पाहिलंय. मॅब्ली, दार ओढून घे तेवढं.

ग्लिनला ओळखता ना? रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या ट्रकवर घालून न्यायचा, तो. गेल्या वर्षी, मार्चअखेर घड्याळं तासभर पुढं करतात ना, त्याच्या आधीचा गुरुवार. रात्रीचे पावणेअकरा. ग्लिन आपला नेहमीसारखा कामाला निघाला. थर्मासमध्ये चहा, सीटवर सॉसेज रोल. काम साधंच. बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत एक शेड आहे, तिथून एक गाडी उचलायची, खिंड ओलांडायची आणि पलीकडे मोठ्या रस्त्यावर एका माणसाच्या हवाली करायची. बर्फ सांगितलं होतं, पण पहाटेचं. तोवर तो घरी येऊन झोपलाही असता.

गाडीवर ताडपत्री होती. ग्लिननं ती उचलून बघितली नाही. गरजच नव्हती. खाली काय आहे ते त्याला ठाऊक होतं.

त्याच्या मामाची लँडरोव्हर होती ती. हफोद लासच्या शेतावरच्या एल्फेडची.

हो, मॅब्ली, तोंड बंद कर. सख्ख्या मामाची. एल्फेड त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात गेला. त्याची पेटी त्याच गाडीच्या मागच्या भागात ठेवून आम्ही चॅपेलला नेली. ग्लिननं खांदा दिला. रडला पण. आणि चार महिने झाले नाहीत तोवर याच पोरानं त्या माणसाला जाऊन सांगितलं, की गाडी अंगणात असते आणि किल्ली गाडीतच असते. आपल्याकडे कुणाची नसते? शेजाऱ्याला वाटेतून गाडी बाजूला घ्यायची झाली तर त्यानं कुणाच्या नावानं ओरडत बसायचं? कुत्रा बहिरा आहे, हे सांगितलं. मंगळवारी मामी कॉयरला जाते, हेही सांगितलं. मामी गायला गेली, आणि यांनी गाडी नेली. लाज कोळून प्यायला होता मेला!

चोरांनी खाणीत तिचं इंजिन काढलं, गिअरबॉक्स काढला, बॅटरी काढली. ते आधीच रवाना झालं होतं. उरला नुसता सांगाडा. तोही विकला जातो, कागदांवरचा नंबर अस्सल असतो ना. पण मागचा भाग रिकामा करायची तसदी काही त्यांनी घेतली नाही. नेस्टामामीनं मंगळवारी दुपारी भरून ठेवलेले गवताचे गठ्ठे तसेच होते.

आणि ते का भरले होते? नीट ऐका, सगळं त्यावर आहे. नेस्टाच्या मेंढ्या वरच्या कुरणात होत्या. सगळ्या गाभण, दिवस भरत आलेल्या. बर्फ पडलं की वर खायला काडी मिळत नाही. आणि त्या काही बाजारातून आणलेल्या मेंढ्या नव्हेत. तो डोंगर त्यांच्या आयांनी त्यांना शिकवलेला, त्या आयांना त्यांच्या आयांनी. कुंपण नसलं तरी हद्द सोडत नाहीत. असा कळप एकदा मेला की पैसे टाकून दुसरा मिळत नाही. हफोद लास तिथं संपलं असतं. एकटी बाई, वर जाणारी वाट उभी, आणि त्या वाटेनं चढणारी एकच गाडी. तीच नेली.

आमच्यातल्या कुणी का नाही गेलं? गेलो असतो की. पण बर्फानं पहाटेची वाट बघितली नाही. रात्रीच खालचा रस्ता बुजला. मी ट्रॅक्टर काढला आणि दुसऱ्या वळणावर अडकून बसलो. फोनवर नेस्टा एवढंच म्हणाली, "राहू दे एमरिस. तुझा जीव जायचा." आणि ठेवला. मी ट्रॅक्टरमध्ये बसून शिव्या देत होतो. कुणाला देतोय ते माहीत नव्हतं तेव्हा.

ग्लिन खाणीकडून आला, म्हणजे वरच्या अंगानं. तिकडे अजून रस्ता दिसत होता. खिंडीच्या तोंडाशी पोचला, वायपरवर बर्फ चिकटायला लागलं, म्हणून ते झाडायला त्यानं ट्रक थांबवला. इंजिन बंद केलं.

आणि तरी इंजिन ऐकू येत होतं.

आता लँडरोव्हरचा आवाज आपल्याला झोपेतही कळतो. लहानपणापासून तोच ऐकत ग्लिन मोठा झालेला. त्यानं मान वळवली नाही. आधी रेडिओ बघितला. बंद. मग आरशात बघितलं.

ताडपत्री थरथरत होती.

हसू नकोस, शॉन. तू असतास तर ट्रकात ओलं केलं असतंस. ग्लिन उतरला. मागे गेला. ताडपत्री वर केली, बॉनेट उघडलं, टॉर्च मारला. आत काही नाही. चार तुटक्या वायरी लोंबतायत आणि खाली ट्रकची फळी दिसतेय. इंजिनाच्या जागी भोक. आणि त्या भोकातून आवाज येतोय. संथ. धक… धक… धक.

साखळ्या बांधलेल्या होत्या. त्या त्यानं स्वतः आवळल्या होत्या. एक सुटली. मग दुसरी. तुटली नाही हं, कुणी सावकाश सोडवावी तशी सुटली. गाडी फळीवरून उतरली. रस्त्यावर आली. नाकाला चिकटलेले ते दोन दिवे लागले. आणि बाजूची वाट धरून ती चढायला लागली.

कुणाच्या डोंगराची वाट, ते सांगायला नको.

स्टिअरिंगवर कुणी नव्हतं. आता हे ग्लिनला नवं नाही. एल्फेड एकटा गवत टाकायचा तेव्हा असंच करायचा, तुमच्यातल्या कुणी बघितलंय? सगळ्यात खालचा गिअर टाकायचा, अ‍ॅक्सिलरेटरची हातदांडी ओढून ठेवायची आणि चालत्या गाडीतून उतरून मागे चढायचा. गाडी आपली आपण चालतेय म्हातारीच्या चालीनं, हा मागून गवत टाकतोय, मागे मेंढ्यांची रांग. एकदा मी भिंतीपलीकडून ओरडलो, "एल्फेड, गाडी कोण चालवतंय रे?" तर म्हणतो, "बायको! म्हणून तर सरळ चाललीय!"

तसंच चाललं होतं ते. फक्त एल्फेड चॅपेलमागे मातीत होता.

ग्लिन पळून का नाही गेला? मीही विचारलं. म्हणाला, "गाडी पोचवली नसती तर त्या लोकांनी माझे पाय मोडले असते." बघा. पाचावर धारण बसलीय, आणि डोक्यात तेच. धावत जाऊन तो दार उघडून आत चढला. शेजारच्या सीटवर. लहानपणी बसायचा तीच बाजू, सवयीनं. आडवा होऊन त्यानं हँडब्रेक ओढला. काही नाही. दांडी आत ढकलली. काही नाही. किल्लीकडे हात नेला… किल्ली नव्हतीच. ती त्याच्या खिशात होती.

गाडी थांबली.

तिच्यासमोर पहिलं गेट होतं.

आणि काय केलं असेल त्यानं? तुम्ही काय केलं असतं? शेजारी बसणाऱ्याचं काम काय असतं आपल्यात? गाडी गेटाशी थांबली की ऐंशी वर्षांच्या माणसाचाही हात दाराकडे जातो. ग्लिन खाली उतरला, कडी काढली, गेट उघडलं. गाडी गेली. त्यानं गेट लावलं. पळत जाऊन बसला. आणि बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते.

आता खाली जायची वाट बंद. मागे रस्ता दिसत नाही. बर्फ आडवं मारतंय.

दुसरं गेट. उतरला. उघडलं. लावलं.

मागे काहीतरी पडलं. धप्. परत… धप्.

गवत.

त्यानं मागे बघितलं नाही. आरशात बघितलं नाही. गुडघ्यांकडे बघत बसला. सुतळी कापल्याचा आवाज येत होता. चाकूनं. एकेक. आणि मग बर्फातून आवाज आला. मेंढ्या. आधी एक. मग सगळीकडून. बर्फाखालून उठून येत होत्या… रांगेनं… गाडीच्या मागे.

तिसरं गेट आलं. शेवटचं. गाडी थांबली.

ग्लिन हलला नाही.

गाडी थांबून राहिली.

तो हलला नाही.

मागून… काचेवर… टकटक.

मग एकच शब्द. एल्फेड गाडीत दुसरं काही बोलायचाच नाही.

"गेट."

…

चहा ओत जरा.

…

पहाटे बर्फ थांबलं. मी फावडं घेऊन पायी चढलो. नेस्टा माझ्या आधी निघालेली, साठीची बाई, कमरेएवढ्या बर्फातून. तिनं रात्रभर खिडकीतून वर दोन दिवे फिरताना बघितले होते. वर पोचलो तर गवताची एक लांब सरळ ओळ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि तिच्यावर माना घालून मेंढ्या. खात होत्या. सगळा कळप जिवंत.

शेवटचं गेट उघडं होतं. ग्लिन ते धरून उभा. भुवयांवर बर्फ. बोटं सळईला चिकटलेली. मी म्हटलं, "सोड." तर कुजबुजला, "नाही. मामा अजून परत यायचाय."

नेस्टानं त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मंगळवारी ती घरी नसते, किल्ली गाडीत असते, हे घरच्यालाच ठाऊक; तिला तिथंच कळलं सगळं. मला वाटलं मारते आता. मी मारलंच असतं. फावडं होतंच हातात. ती म्हणाली, "ज्या हातानं मामाला खांदा दिलास, त्याच हातानं माझं घर विकलंस. आता धर ते गेट. चांगलं धर." आणि मेंढ्या मोजायला गेली.

बोटं मी सोडवली. कोमट पाण्याचा थर्मास रिता केला त्यावर. दोन बोटं डॉक्टरांना काढावी लागली. हॉस्पिटलात त्यानं मला हे सगळं सांगितलं, आणि पोलिसांना स्वतःच्या तोंडानं चोरांची नावं सांगितली. आता रोज सकाळी हफोद लासला जातो, मामीचं पडेल ते काम करतो. मामी त्याला जेवायला वाढते. बोलत नाही. मीही बोलत नाही. तुम्ही म्हणाल, वर्ष झालं, सोडा आता काका. नाही सोडत! चोर परके होते, त्यांचं मला तेवढं नाही. हा आपल्या ताटातला होता.

गाडी? ती खाली अंगणात सापडली. नेहमीच्या जागी, तोंड फाटकाकडे. डोंगरावरून तिथवर चाकांची खूण नव्हती, पण बर्फ पडत होतं, खूण बुजली असेल. ते मी सोडून देतो. इंजिन काही मिळालं नाही. पोलीस म्हणाले, समुद्रापार गेलं असेल. नेस्टानं बॉनेट लावून टाकलं आणि गाडी आहे तिथं राहू दिली. सांगाडाच तो. कुठं जाणार?

परवा मी तिच्याकडे खुराक पोचवायला गेलो होतो. गाडीखाली एक बेकिंगचा जुना ट्रे ठेवलेला दिसला. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणते, "अंगण खराब होतं."

तुम्हाला माहीतच आहे, लँडरोव्हर जिथं उभी राहते तिथं तेल गाळते. सगळ्याच गाळतात.

मी वाकलो. ट्रे अर्धा भरलेला होता. काळं तेल. मी बघत असताना वरून अजून एक थेंब पडला.

बोट लावून बघितलं.

…

गरम होतं, पोरांनो.