तीन हात, एकच गोल

“फाईलवर लिहिलंय म्हणजे लिहिलंय! मी पेनिसिलीन देणार नाही!” डॉक्टर यशोधनने फाईल टेबलावर आपटली.

“आणि उद्या सकाळी पाय कापणार? वा भिया, वा!” प्रशिक उसळला.

पाय त्याच्या आईचा, कांताबाईंचा. जखम सडत चालली होती. पेनिसिलीनने सुधारली असती, हे डॉक्टरच कबूल करत होते. पण फाईलवर लाल अक्षरात लिहिलेलं: पेनिसिलीनची ॲलर्जी. म्हणून दुसरं इंजेक्शन सुरू होतं. ते लागू पडेना, वरून किडनीचा रिपोर्ट बिघडत चाललेला.

“प्रशिक, गप बस,” नंदिनी म्हणाली. सुदामा नगरात तिची डिटेक्टिव्ह एजन्सी. बहुतेक काम लग्नाआधीच्या चौकशीचं. प्रशिक तिची गाडी चालवायचा, फोटो काढायचा. डोकं चालवायचं काम तिचं. “डॉक्टर, अशी ॲलर्जी आणखी कोणाला?”

“वॉर्डात दोघांना. म्हणजे… दहातले तीन.” आकडा ऐकून तो स्वतःच चपापला. “मी पुण्याहून येऊन चारच महिने झालेत. ॲलर्जीची टेस्ट स्टाफ करतो.”

टेबलावर त्या दुसऱ्या इंजेक्शनच्या कंपनीचा पेन, भिंतीवर तिचंच कॅलेंडर. प्रशिकने नंदिनीताईला कोपर मारलं. हाच तो, कमिशन खाणारा!

ताईने बघितलं न बघितल्यासारखं केलं.

वॉर्डात फिनाईल आणि पू यांचा वास मिसळला होता.

“मावशी, टेस्टच्या वेळी काय झालं?” ताईने कांताबाईंना विचारलं.

“मी डोळे मिटून होते गं. सुईला घाबरते ना. पण टोचलं असं नाही वाटलं. ओलं, थंड काहीतरी दाबलं, मग आग-आग झाली.” कांताबाई थांबल्या. “लहानपणी महूला दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनची सुई घ्यायचे मी. बाबा फौजेत होते. तेव्हा तर काही नाही झालं.”

त्यांच्या हातावर निळ्या पेनचा पुसट गोल होता. रेघेवर कातडी लाल, खपली धरलेली. मधलं मात्र एकदम साफ. बाकी दोघांच्या हातावरही तेच. प्रशिकने शेजारी रुपया ठेवून तिन्ही हातांचे फोटो काढले.

“टेस्टच्या कागदावर सही माझीच आहे जी,” सिस्टर बेबी म्हणाली. “बोलावलं, लाल दिसलं, सही केली. टोचायचं काम श्रीरामभाऊंचं. कंपाउंडर आहेत ना.”

“पेनिसिलीन आणि या दुसऱ्यात फरक काय?” ताईने विचारलं.

“लई फरक! पेनिसिलीन चार-चार तासाला. रात्री बाराला उठा, पहाटे चारला उठा. हे दुसरं सकाळी एकदाच, ते मीच देते.”

श्रीराम ड्रेसिंग रूममध्ये रात्रपाळी संपवून निघायच्या तयारीत होता. डोळे कसे, एकदम ताजे. स्ट्रेचरखाली गुंडाळलेली गादी, वर तेलकट उशी.

“आओ जी, बसो.” त्याने खिशातून लोखंडी डबी काढली, झाकण उघडून बोटावर चुना घेतला आणि तळहातावर तंबाखू चोळायला लागला. अंगठ्याचं नख पांढरंफट्ट. याच हातांनी हा पट्ट्या बदलतो! प्रशिकने तोंड फिरवलं. “आजकाल लोकांना सगळ्याचीच ॲलर्जी. त्याला मी काय करू?”

ताई बाहेर आली. “सगळ्यांना मावशीच्या पलंगापाशी बोलाव.”

सगळे जमले तशी तिने फोटो समोर धरले.

“टेस्टची सुई टोचली की बारीक फुगा येतो. त्याच्याभोवती हाताने गोल काढतात. हाताने काढलेला गोल वाकडातिकडाच यायचा. इथं तीन हात आणि गोल एकाच मापाचा, रुपयाएवढा. ॲलर्जी असती तर सूज मधे आली असती, जिथं सुई टोचली तिथं. इथं मधे काहीच नाही. लाल आहे ती रेघ. म्हणजे सुई टोचलीच नाही. काहीतरी गोल दाबलं, त्याच्याभोवती पेन फिरवला. त्याच्या काठाला कातडी जाळणारं काहीतरी होतं. श्रीरामभाऊ, डबी काढा.”

श्रीरामने खिसा दाबून धरला. प्रशिकने त्याच्या खिशात हात घालून डबी काढली. झाकणाच्या काठाला ओला चुना होता. तो पुसून त्याने झाकण आईच्या हातावर ठेवलं. रेघेवर रेघ बसली.

“किती कमिशन खाल्लंस रे?” प्रशिक ओरडला.

“कमिशनसाठी नाही, प्रशिक. झोपेसाठी,” ताई म्हणाली. “ पेनिसिलीन सुरू झालं की रात्रपाळीच्या कंपाउंडरला रात्री दोनदा उठावं लागतं. ॲलर्जी लिहिली की गादी पसरायला मोकळा. रात्रभर ड्यूटी करून डोळे इतके ताजे कोणाचे असतात?”

बेबीने तोंडावर पदर धरला. डॉक्टरची मान खाली गेली. “मी एकदा तरी हात बघायला पाहिजे होता.”

त्याने स्वतः टेस्टची सुई भरली, टोचली, घड्याळ लावून शेजारी बसून राहिला. वीस मिनिटं झाली. फुगा वाढला नाही, लाली नाही. दुपारी बाराला पहिलं पेनिसिलीन गेलं. “उद्याचं ऑपरेशन थांबवतो. दोन दिवस बघू. पाय वाचेल असं वाटतंय.”

दुपारी गेटवर श्रीरामने प्रशिकची बाही धरली. “भिया, सुन तो लो. मी पण माणूस आहे. रोज रात्री किती उठायचं? पोलिसात नका जाऊ…”

तोंडाला तंबाखूचा वास, बाहीवर पांढरी बोटं उमटलेली. याच्या झोपेपायी आईचा पाय जाणार होता. मारायला उचललेला हात प्रशिकने खाली घेतला. याला हात लावायचीसुद्धा घाण वाटली.

“सोड. मला जायचंय आता. आईची चारची सुई आहे.”