अंगण खरंच वाकडं!

"एक, दोन, तीन... आणि उडी!"

ताईंनी टाळी वाजवली आणि रंगमंचावरची अठरा मुलं एकदम हवेत उडाली. खाली आली ती मात्र दोन आवाजांत. उजवीकडे 'धाप!' झालं आणि डावीकडे 'भप्प!'

"थांबा, थांबा!" भिंगरी ओरडली. "डावीकडची फळी वेगळीच बोलतेय!"

"फळी बोलत नाही, तू बोलतेस. सारखी!" ढोल्या म्हणाला आणि त्याने शेजारच्या प्रोफेसरच्या पाठीवर बोटांनी ताल धरला.

भिंगरी बारा वर्षांची. एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ, म्हणून हे नाव. ढोल्याला बाक, डबा, दुसऱ्याची पाठ, काहीही वाजवायला चालायचं. प्रोफेसरच्या नाकावर चष्मा आणि हातात वही कायम. तिघं एकाच वर्गातली, आणि सुट्टी लागल्यापासून तिघंही रोज सकाळी आठच्या ठोक्याला नाट्यगृहात हजर. तिथे ताईंचं शिबिर चाललं होतं. सकाळी शाळेची मुलं, संध्याकाळी वस्तीतली मोठी माणसं. शिंपी, परिचारिका, बसचालक, झाडून सगळे! शेवटी सगळ्यांनी मिळून एकच नाटक करायचं होतं, एका विसरभोळ्या न्यायाधीशाचं. प्रयोगाला आता चारच दिवस उरले होते.

न्यायाधीश झाले होते भिंगरीचे आजोबा. जन्म सुतारकामात गेला, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच तोंडाला रंग लागणार होता. आत्ताही ते पहिल्या रांगेत बसून डोळे मिटून आपली वाक्यं पुटपुटत होते.

"पुन्हा करून बघू," ताई म्हणाल्या. त्यांनी एकट्या ढोल्याला डावीकडे उडी मारायला सांगितलं. 'भप्प!' आणि त्याच्या पायाखालची फळी चक्क दोन बोटं खाली गेली!

तेवढ्यात मागून आवाज आला, "झालं समाधान? मोडलात ना रंगमंच?"

हे नियमकाका, म्हणजे नाट्यगृहाचे व्यवस्थापक. दर वाक्यात एक नियम सांगितल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. त्यांच्यामागे त्यांचे मेव्हणे झुंबरशेठ उभे होते. शेठचा सजावटीचा धंदा. पडद्यांची मापं घ्यायच्या निमित्ताने ते रोजच इथे घुटमळत असत.

"काका, आम्ही नुसते नाचत होतो!" भिंगरी म्हणाली.

"तेच म्हणतोय मी! नाचता येईना, अंगण वाकडं!"

"पण अंगण खरंच वाकडं आहे. हे बघा ना," प्रोफेसरने फळीवर पट्टी ठेवून दाखवली.

नियमकाकांनी पट्टीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "आजपासून शिबिर बंद. आज चार वाजता समितीची बैठक आहे, तिथे तसा ठरावच मांडतो. धांगडधिंग्यामुळे रंगमंच खचला. दुरुस्ती पुढच्या वर्षी!"

पुढच्या वर्षी! अठरा चेहरे खर्रकन उतरले. आजोबा मात्र उठून उभे राहिले.

"साहेब, ही सागाची फळी आहे. एखादा हत्ती जरी नाचला ना, तरी ती अशी खचायची नाही. खाली टेकू असतात, ते एकदा बघून घ्या."

"तळघराची किल्ली हरवलीय," नियमकाका म्हणाले. "मी इथे रुजू व्हायच्या आधीपासून."

मुलं खाली मान घालून बाहेर पडली. फाटकापाशी आजोबा भिंगरीला म्हणाले, "जाऊ दे गं. चार वाक्यं पाठ झाली, तेवढंच आपलं." बोलताना ते हसले, पण चष्मा पुसायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला. ते पाहून भिंगरी ढोल्या आणि प्रोफेसरकडे वळली.

"आपण तळघर बघायचं," ती दोघांना म्हणाली.

"कुलूप आहे," प्रोफेसर म्हणाला.

"मग आधी कुलूपच बघू!"

तळघराचं दार रंगमंचाच्या बाजूच्या बोळात होतं. दार बुटकं आणि त्याला कुलूप हे एवढं! ढोल्याने सवयीप्रमाणे त्यावर बोटं वाजवली आणि मग ती नाकाशी नेली.

"तेल! ताजं तेल आहे हे!"

"किल्लीच हरवली असेल तर कुलपाला तेल कोण घालतं?" भिंगरीचे डोळे चमकले.

तिघं वळसा घालून इमारतीच्या मागे गेली. तिथे भिंतीत जमिनीलगत एक जाळीचा झरोका होता. पालथं पडून प्रोफेसरने आत विजेरीचा झोत टाकला.

"काय दिसतंय? सांग ना!" भिंगरी जागच्या जागी गिरकी घेत म्हणाली.

"गालिचे. गुंडाळ्याच गुंडाळ्या! खुर्च्यांच्या चळती. आणि... अरे बाप रे!"

"काय अरे बाप रे?"

"डावीकडे दगडी बैठका आहेत. एक, दोन, तीन. त्यांच्यावर टेकूच नाहीत! टेकू काढून कोपऱ्यात रचून ठेवलेत!"

गालिच्यांना जागा व्हावी म्हणून कुणीतरी रंगमंचाचे पायच काढून घेतले होते! आणि वर अठरा मुलं उड्या मारत होती.

"एखादा पडला असता तर..." ढोल्याची बोटं पहिल्यांदाच थांबली.

प्रोफेसरने वहीत झटपट चित्र काढलं आणि तिघं धावतच कचेरीत गेली. नियमकाका चहा पीत होते.

"हे गालिचे आहेत की बटाट्यांची पोती?" वही उलटीसुलटी करत ते म्हणाले. "चित्र हा पुरावा होत नाही. नियम आहे! आणि झरोक्यात डोकावलात कुणाला विचारून?"

तिथून हात हलवत परतलेली तिघं थेट ताईंकडे गेली. ताईंनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"मी समितीच्या अध्यक्षबाईंना सांगतेच. रंगमंचावर आता कुणीही पाय ठेवायचा नाही, कळलं?"

तासाभराने त्या परत आल्या. "अध्यक्षबाई बैठकीआधी स्वतः येऊन बघते म्हणाल्या. पण किल्ली नाही, आणि कुलूप तोडायला लेखी परवानगी लागते म्हणे. ती यायला आठवडा जाणार!"

"किल्ली आहे," भिंगरी हळूच म्हणाली. "गालिचे, खुर्च्या म्हणजे आतला माल झुंबरशेठचाच. मग किल्ली त्यांच्याच खिशात असणार. त्यांनी ती आपणहून बाहेर काढायला हवी."

"ते कशाला काढतील?"

"मालाला धोका आहे असं वाटलं तर?" भिंगरीने एक गिरकी घेतली. "ताई, परवा तुम्ही पावसाचा आवाज कसा काढायचा ते शिकवलंत..."

ताईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग त्या छताकडे बघत म्हणाल्या, "मी काही ऐकलेलं नाही. पण ध्वनीचा तास अर्धवट राहिला होता खरा. सराव बाहेर, मोकळ्यावर करायला माझी काहीच हरकत नाही!"

पावणेचार वाजता झरोक्यासमोर सगळा संच मांडून झाला. एक पत्र्याचा डबा, एक बादली, एक झारी आणि वाळलेल्या वाटाण्यांनी भरलेलं एक मोठं ताट. ढोल्या आणि प्रोफेसर तिथे बसले. भिंगरी बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. तिने रुमाल हलवला की सुरू करायचं.

अध्यक्षबाई आल्या. पांढरे केस, खणखणीत आवाज, पायांत सपाता. बरोबर समितीचे दोघे, ताई, नियमकाका आणि हो, झुंबरशेठसुद्धा!

"हेच का ते दार?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हेच. कितीतरी वर्षांत उघडलेलं नाही," नियमकाका म्हणाले.

भिंगरीने रुमाल हलवला.

आधी आलं नुसतं 'टप... टप...' मग 'सळसळ सळसळ' करत ताटातले वाटाणे घरंगळले. झारीची धार डब्यात पडली, बादलीतलं पाणी 'गुळुक गुळुक' घुसळलं, आणि तळघर एखाद्या रिकाम्या ढोलासारखं घुमायला लागलं. बोळात उभ्या असलेल्यांना वाटावं, दाराआड नदीच वाहतेय!

"पाण्याचा आवाज येतोय का हो?" अध्यक्षबाईंनी कान टवकारले.

झुंबरशेठना दरदरून घाम फुटला. "न-नळ फुटला की काय?"

ढोल्याने बादली उंच धरून डब्यात जोरात ओतली. 'धबाऽऽऽक!'

"अरे देवा, माझे गालिचे!" झुंबरशेठ किंचाळले. त्यांनी खिशातून किल्ली काढली, 'खटक' करून कुलूप उघडलं आणि दार ढकलून आत उडी घेतली.

आत सगळं कोरडं ठणठणीत. पाण्याचा थेंब नाही! होत्या त्या गालिच्यांच्या गुंडाळ्या, खुर्च्यांच्या चळती, तीन उघड्या बैठका आणि कोपऱ्यात निमूट पडलेले टेकू.

अध्यक्षबाईंनी झुंबरशेठच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं, मग नियमकाकांकडे.

"ही हरवली होती ना?"

नियमकाकांच्या तोंडून एकही नियम फुटेना. शेवटी ते खाली बघत पुटपुटले, "मेव्हण्यांनी जागा मागितली... नाही म्हणवलं नाही. त्यांच्या माणसांनी टेकू काढलेत हे मला माहीत नव्हतं. मी एकदाही खाली उतरून बघितलंच नाही."

"आणि खापर मुलांच्या माथी!" अध्यक्षबाई कडाडल्या. "मुलांचे हातपाय मोडले असते, कळतंय का? झुंबरशेठ, उद्या सकाळपर्यंत तळघर रिकामं हवं. आणि आता मला सांगा, हे पाणी कुठून आलं?"

झरोक्याच्या बाजूने दोन चिंब ओले चेहरे डोकावले. ढोल्याच्या केसांत वाटाणा अडकला होता.

"बाई, आम्ही ध्वनीचा गृहपाठ करत होतो," प्रोफेसर अगदी साळसूदपणे म्हणाला. "पाणी शिरलंय असं आम्ही कुणालाच म्हटलं नाही!"

अध्यक्षबाई आधी गालातल्या गालात हसल्या, आणि मग इतक्या मोठ्याने, की समितीचे दोघेही हसू लागले.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी हत्यारांची पेटी आणली. त्यांनी आणि दोन तरण्या सुतारांनी मिळून टेकू पुन्हा उभे केले, पाचरी ठोकल्या आणि प्रत्येक फळी तपासली. नियमकाका स्वतः कंदील धरून तळघरात वाकून उभे होते. वर आले तेव्हा त्यांच्या टकलावर कोळ्याचं जाळं होतं. मुलांसमोर येऊन ते म्हणाले, "चुकलो रे बाबांनो." आणि मुलांनी त्यांना माफ करून टाकलं.

प्रयोगाला नाट्यगृह खचाखच भरलं. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा त्या झुंबरशेठनीच मुकाट्याने पुरवल्या. अठरा मुलं एकदम उडाली आणि एकदम खाली आली. 'धाप!' एकच आवाज! नाच संपवून विंगेत शिरताना भिंगरीने मूठ आवळली, "जमलं!"

मग न्यायाधीश आले. आजोबा डुलत डुलत खुर्चीत बसले, तोंड उघडलं आणि गप्प झाले. क्षण गेला, दुसरा गेला. लोक खो खो हसायला लागले. काय सुंदर विसरभोळा न्यायाधीश! भिंगरीला मात्र कळलं, आजोबा खरंच विसरलेत. तिने विंगेतून हळूच पहिला शब्द पुरवला. आजोबांनी कानामागे हात धरला आणि भर रंगमंचावर विचारलं, "जरा मोठ्याने बोल गं बाळा, न्यायाला कमी ऐकू येतं!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की पुढचं वाक्य सांगायला आजोबांना चांगला मिनिटभर थांबावं लागलं.

पडदा पडल्यावर अध्यक्षबाईंनी तिघांना पुढे बोलावलं. "दर सुट्टीत हे शिबिर होणार, हे मी आजच जाहीर करते," त्या म्हणाल्या. "आम्ही मोठी माणसं वर बसून ठराव करत होतो. या मुलांनी पालथं पडून खाली बघितलं. शाबास रे पोरांनो!"

आजोबांच्या गालांवरचा रंग घामाने ओघळला होता. त्यांनी भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"जन्मभर लाकूड ठोकून पाहिलं मी," ते म्हणाले, "पण लाकडाचं म्हणणं ऐकणारा कान तुझा, पोरी!"

भिंगरीने भरल्या रंगमंचावर एक मोठ्ठी गिरकी घेतली, आणि सगळं नाट्यगृह पुन्हा टाळ्या वाजवू लागलं.