खिडकीखालच्या कविता

"पेपर ओढावा तर हातात कविता येते. सकाळी सकाळी कुणाला सोसायचं?" खिडकीजवळचे आजोबा शेजाऱ्याच्या कानात कुरकुरले.

खासगी तपास करणाऱ्या मावशींचे कान तिखट. त्यांनी पेपरांच्या फळीवरून ते पुस्तक काढलं. दोन गठ्ठ्यांमध्ये, कणा बाहेर, कडेला कड लावून ठेवलेलं. त्यांच्यासोबत आलेले भावोजी पंख्याखालची खुर्ची शोधत होते.

मावशींना बोलावलं होतं ग्रंथपालबाईंनी. शहराच्या या वाचनालयात बाईंचा उभा जन्म गेला होता. वरच्या मजल्यावरची कवितेची पुस्तकं नाहीशी व्हायची, मग गुपचूप परतायची.

"चोर घरातलाच आहे," त्या म्हणाल्या. "पुस्तकं शिपायाच्या हातात दिसलीत. संध्याकाळी समितीला नाव द्यायचंय. काढून टाकतील त्याला." बोलता बोलता त्यांनी दारालगतच्या भिंतीला छत्री अडकवली. तिथे खुंटी नव्हती. पडलेली छत्री काउंटरवरच्या मुलीने मुकाट्याने उचलली.

मावशींनी तिला विचारलं, तर ती खाली मान घालून शिक्के मारत सुटली. शिपायाला काही विचारायचीही गरज पडली नाही.

"माझंच नाव घाला," तो म्हणाला.

"चला, मिटलं," भावोजी खूश झाले.

मावशी मात्र जिन्यातल्या फोटोपुढे उभ्या होत्या. दुरुस्तीआधीचं वाचनालय. भावोजींना त्यात कपाटं, खिडकी आणि दारालगतच्या खुंट्या एवढंच दिसलं.

संध्याकाळी सगळे ग्रंथपालबाईंच्या खोलीत जमले.

"चोरी झालीच नाही," मावशी म्हणाल्या. "लपवणारा माणूस पुस्तक कोंबतो. हे सरावाच्या हाताने लावलेलं होतं. फोटोत कवितांचं कपाट त्याच खिडकीखाली आहे, जिथे आता पेपर असतात. कुणीतरी अजून त्या जुन्या वाचनालयातच पुस्तकं लावतंय. हा शिपाई ती उचलून वर नेतो, ही मुलगी गप्प राहते. खुंट्याही तेव्हा दारालगतच होत्या."

मावशी थांबल्या. पुढचं वाक्य त्यांचं नव्हतं. भावोजींनी कोपऱ्यातल्या छत्रीकडे पाहिलं.

"मग नाव सांगा की," ग्रंथपालबाईंनी पेन उघडलं. "माझ्या माणसांवर उगाच आळ नको."

मुलीने तोंड फिरवलं. शिपाई पुढे झाला आणि त्याने त्यांच्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं.

"बाई, ती पुस्तकं तुम्हीच ठेवता," तो म्हणाला. "तुम्हाला आठवत नाही."