पस्तीस सेकंदांचा पक्षपात

कळंबच्या बसस्टँडसमोर कल्याणप्पांच्या झेरॉक्सच्या दुकानात मी अर्ज टाइप करून घेत होते. मी तावातावानं सांगत होते, ते एका बोटानं टाइप करत होते.

"लिहा... लोकरेडिओच्या 'सोमवारचा सवाल'चे निवेदक स्वानंद हे पक्षपाती असून, माझा फोन चाळीस सेकंदांत तोडला..."

"पस्तीस," मागून कुणीतरी म्हणालं.

मी वळले. निळा सदरा, हातात आधार कार्ड, ओठांत दाबलेलं हसू.

"तुम्हाला काय माहीत?"

"आणि 'पक्षपाती'मधला क्ष चुकलाय."

तो आवाज... दर सोमवारी सकाळी अकराला आमच्या येरमाळ्याच्या घरात घुमणारा! माझे कान तापले.

"तुम्ही—"

"हो. तो पक्षपाती मीच."

माझे आबा, रामकिसन, यंदा जिल्हा परिषदेला उभे होते. त्या कार्यक्रमात फोन करणाऱ्या प्रत्येकाला दोन मिनिटं मिळायची. माझा फोन मात्र पहिला सोमवार सोडला तर दर वेळी मध्येच तुटायचा. रेडिओवाला समोरच्या पार्टीला विकला गेला, असं आमचे कार्यकर्ते उघड बोलायचे. मलाही ते पटलं होतं.

"उद्या स्टेशनवर या," तो म्हणाला. "सगळं रेकॉर्डिंग ऐका. मग खुशाल अर्ज द्या."

"भीत नाही मी."

"ते फोनवरच कळलंय."

दुसऱ्या दिवशी गेले. केंद्रप्रमुख मैथिलीताईंनी माझ्या कानाला हेडफोन लावला. पाच सोमवार ऐकले. आमच्या बाजूच्या माणसांना पूर्ण दोन मिनिटं. समोरच्यांनाही दोन मिनिटं. फक्त माझा फोन... पहिल्यांदा पूर्ण दोन, मग सव्वा मिनिट, मग एक, मग पाऊण, आणि शेवटी पस्तीस सेकंद. मैथिलीताईंनी स्वानंदकडे एकदा रोखून पाहिलं आणि त्या बाहेर गेल्या.

"म्हणजे राग आमच्या पार्टीवर नाही," मी म्हणाले. "माझ्यावरच आहे?"

तो खिडकीबाहेर बघत बोलू लागला.

"पहिल्या सोमवारी तुम्ही शाळेच्या रस्त्याबद्दल बोललात. मला वाटलं, मुद्दा पटला. दुसऱ्या सोमवारी लक्षात आलं... तुमचा फोन येईपर्यंत मी दुसऱ्या कुणाचं नीट ऐकतच नाही."



"मग तोडायचा कशाला?"

"भ्यालो. तुम्हाला एक सेकंद जरी जास्त दिला तरी सगळ्या जिल्ह्याला कळेल असं वाटलं."

"हा कुठला न्याय?"

"न्याय नाहीच." त्यानं पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "म्हणून म्हणतो, अर्ज द्या. खरा आहे तो."

तो आठवडा माझा कुठंच जीव लागेना. भाकरी करपली, हरभऱ्याच्या रानात दोनदा जाऊन नुसतीच परत आले. आबा रोज विचारायचे, "दिला का अर्ज?" मी म्हणायचे, "देते." अर्ज उशीखाली, आणि मी रात्रभर त्याच्यावर तळमळत.

सोमवार उजाडला. अकरा वाजले. स्वानंद बोलू लागला, नेहमीपेक्षा हळू.

"एका श्रोत्याला मी सलग चार वेळा हक्काच्या वेळेपेक्षा कमी वेळ दिला. त्यात त्यांचा दोष नाही, माझा आहे. निवडणुकीतच नव्हे, त्यानंतरही हा कार्यक्रम मैथिलीताई करतील."

अंगणात कार्यकर्त्यांनी फटाके लावले. "बघा, विकाऊ रेडिओवाला पडला उताणा!"

मला राहवलं नाही. मी ओसरीवर आले.

"आबा, तो विकलेला नव्हता. मी सगळं रेकॉर्डिंग ऐकलंय. आपल्या माणसांचा एक शब्द त्यानं कापला नाही. फक्त माझा फोन तोडायचा."

"तुझाच का म्हून?"

मी मान खाली घालून आत वळले. आबांनी माझ्याकडं पाहिलं, आणि कार्यकर्त्यांवर ओरडले, "बंद करा रे ते फटाके!"

मतदान झालं. मोजणी झाली. आबा एकशे बारा मतांनी पडले. स्वानंदचा फोन नाही, निरोप नाही. माझा हात फोनकडं जायचा आणि परत यायचा...

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात मोटरसायकल थांबली. धुळीनं माखलेला तो.

"आबांना भेटायला आलोय," तो म्हणाला.

आबा बाहेर आले. त्यांनी त्याला खालून वर न्याहाळलं.

"तुमच्यामुळं पडलो न्हाय म्या. मतं कमी पडली. बसा." आणि ते आत गेले, मुद्दाम सावकाश.

ओसरीवर आम्ही दोघंच.

"तुमचा कार्यक्रम माझ्यामुळं गेला," मी म्हणाले.

"शेतीचा मिळालाय. तिथं मला कुणाची बाजू... म्हणजे... मी आलो कशासाठी, तर... दीपमाला, तुम्ही..."

तासन् तास बोलणारा माणूस घामाघूम झाला होता. मला त्याची कीव आली, आणि हसूही.

"मला तुम्ही आवडता," मीच म्हणून टाकलं.

त्याचे डोळे भरून आले. त्यानं नुसती मान डोलावली, एकदा, दोनदा, परत एकदा.

आतून आबांचा आवाज आला, "दीपे, पाव्हणं गेले का?"

"न्हाय आबा," मी त्याच्याकडं बघत म्हणाले. "जेवून जाणारेत."